मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे कुठे पाडायचे?

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजेच ८ केबी (किलोबाइट). या वेगाने मिनिटभरात अर्धा एमबीसुद्धा उतरत नाही. मोबाइलचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये पुढचा वेग हाच असतो. नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत फायबर घेतलेल्या माणसाला हा आकडा जुना वाटेल. पण पेंचच्या कडेच्या गावातली शाळा, कुही-भिवापूरकडचं एखादं सेतू केंद्र, हिंगण्याला खोली करून राहणारी इंजिनिअरिंगची पोरं, यांच्यासाठी नेट म्हणजे बरेचदा मोबाइलचा हॉटस्पॉटच. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचाचा विंडोजसाठीचा इन्स्टॉलर साधारण ३५० एमबीचा असतो. २ एमबीपीएसवर तो चोवीस-पंचवीस मिनिटांत येतो. ६४ केबीपीएसवर त्याला बारा तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ लाईनही जायला नको आणि रेंजही.

अशा वेळी एक मागणी हमखास होते: मोठ्या सॉफ्टवेअरचे तुकडे करा, ज्याला जे हवं तेवढंच त्याने घ्यावं. मागणी अगदी रास्त आहे, पण तुकडे चुकीच्या जागी पाडले की काहीच वाचत नाही, उलट डेटा जास्त जातो. मेनूत दिसणाऱ्या सोयींप्रमाणे कापण्याआधी कोणता भाग किती वेळा बदलतो ते पाहावं आणि तिथे कापावं, असं माझं ठाम मत आहे. पहिलं डाउनलोड एकदाच होतं; अपडेट वर्षानुवर्षं येत राहतात.

लिब्रेऑफिसचंच घ्या. ‘मला फक्त रायटर (लिहायचा भाग) द्या, कॅल्क (तक्ते) आणि इम्प्रेस (स्लाइड) नको’ असं अनेक जण म्हणतात. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर तशी सोय आहेही: रायटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, मॅथ, बेस यांची पॅकेजं वेगळी आहेत. पण एकटं रायटर मागितलं तरी त्याच्यासोबत ‘कोअर’ आणि ‘कॉमन’ ही दोन पॅकेजं येतातच, आणि खरं वजन त्यांचंच. खिडक्या-बटणं काढणारा थर, चित्रं काढणारा थर, फाइल वाचण्या-लिहिण्याचे फिल्टर, घटकांना एकमेकांशी जोडणारी यूनो ही यंत्रणा, सगळं सामायिक आहे. रायटरच्या कागदात तक्ता किंवा आलेख घालता येतो तो याच सामायिक कोडमुळे. त्यामुळे कॅल्क वगळून वाचतं ते गाभ्याच्या मानाने थोडंच. बेस वगळण्यात मात्र फायदा आहे, कारण त्याच्या जुन्या डेटाबेस इंजिनाला जावा लागतं आणि जावा स्वतःच मोठं असतं.

विंडोजवर वेगळीच गंमत होते. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून नको त्या भाषांच्या आणि शब्दकोशांच्या खुणा काढता येतात. त्याने हार्ड डिस्कवरची जागा वाचते, पण डेटा वाचत नाही, कारण सगळ्या भाषा त्या ३५० एमबीत आधीच उतरलेल्या असतात. निवड डाउनलोडच्या नंतर विचारली तर हळू नेटवाल्याला तिचा उपयोग शून्य. लिनक्ससाठीच्या अधिकृत फाइल्समध्ये हे बरोबर केलंय: मूळ संच इंग्रजीचा, मराठीचा लँग्वेज पॅक वेगळा आणि छोटा, मदतीची पानंही वेगळी. फक्त लँग्वेज पॅक आणि मूळ संच यांची आवृत्ती तंतोतंत एक हवी. मित्राच्या पेन ड्राइव्हवरचा आधीच्या आवृत्तीचा पॅक नव्या संचावर बसवायला गेलात तर तो चालत नाही.

आता कापायच्या जागा. पहिली आणि सगळ्यात फायद्याची म्हणजे कोड आणि डेटा यांच्यामधली. खेळांमध्ये हे सर्वात स्पष्ट दिसतं. डेबियनमध्ये ‘झिरो ए. डी.’ या खेळाचा प्रोग्राम एका पॅकेजात आणि चित्रं, आवाज, नकाशे दुसऱ्यात आहेत. डेटाचं पॅकेज प्रोग्रामच्या कितीतरी पट मोठं. प्रोग्राममधली बारीकशी चूक सुधारली तर लोकांनी फक्त लहान पॅकेज ओढायचं. दोन्ही एकत्र असते तर चार ओळींच्या दुरुस्तीसाठी शेकडो एमबी गेले असते. बॅटल फॉर वेसनॉथमध्ये त्याहीपुढे जाऊन प्रत्येक मोहीम आणि संगीत वेगळं केलंय, एक मोहीम घेऊन खेळ सुरू करता येतो. रामन विज्ञान केंद्राचं तारांगण पाहून आलेल्या मुलांना शाळेत स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर दाखवायचं असेल तर तिथेही हीच रीत आहे: डोळ्यांना दिसणारे आणि दुर्बिणीतले बरेचसे तारे मूळ संचात येतात, त्याहून मंद ताऱ्यांच्या याद्या ज्याला लागतील त्याने प्रोग्रामच्या आतून नंतर उतरवायच्या. लहान मुलांच्या जीकॉम्प्रीसमध्ये निवडलेल्या भाषेचे आवाज आणि शब्दांच्या चित्रांचा पूर्ण संच असाच नंतर येतो.

दुसरी जागा भाषा. तिसरी दस्तऐवज, म्हणजे वापराची माहितीपुस्तकं, आणि इथे सगळ्यात चांगलं उदाहरण टेक लाइव्हचं, म्हणजे लाटेक या टाइपसेटिंगच्या साधनाच्या संचाचं.

टेक लाइव्हची पूर्ण आयएसओ (अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) सुमारे पाच जीबीची. पूर्ण इन्स्टॉल केलं की डिस्कवर सात-आठ जीबी. ती पाहून लोक घाबरतात आणि लाटेकचा नादच सोडतात. पण त्याच्या आतली रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. सर्व्हरवर प्रत्येक पॅकेजच्या वेगवेगळ्या दाबलेल्या फाइल्स असतात: चालायला लागणाऱ्या गोष्टींची एक, दस्तऐवजांची दुसरी, मूळ स्रोताची तिसरी. मग नेटवरून चालणारा छोटा इन्स्टॉलर घ्यायचा, ‘बेसिक’ ही स्कीम निवडायची आणि दस्तऐवज व स्रोत हे दोन्ही पर्याय बंद करायचे. काही जीबींचं काम काहीशे एमबींच्या आत बसतं. पुढे टीएलएमजीआर या साधनाने लागेल तसं एकेक पॅकेज आणायचं. मराठीत लिहिणाऱ्याला बेसिकवर झीटेक (युनिकोड समजणारं इंजिन), फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडायला), पॉलिग्लॉसिया (भाषा सांभाळायला) आणि भारतीय भाषांचे शब्दतोडीचे नमुने असलेलं ‘हायफन-इंडिक’ एवढं घेतलं की काम सुरू होतं. देवनागरी फॉन्ट सिस्टिमवरचाच चालतो.

यात अडचणी दोन ठिकाणी येतात. पहिली: ‘अमुक डॉट एसटीवाय फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो, आणि फाइलचं नाव व पॅकेजचं नाव दर वेळी एक नसतं. घाबरून अख्खं ‘फुल’ उतरवू नका. टीएलएमजीआरच्या शोधात ‘ग्लोबल’ आणि ‘फाइल’ हे पर्याय देऊन फाइलचं नाव टाका, ती कोणत्या पॅकेजात आहे ते कळतं. दुसरी: टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी बदलते. नवीन वर्षाचा संच आला की जुन्या संचाचं साधन चालू मिररवरून (मूळ साठ्याची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) पॅकेज घ्यायला नकार देतं. अशा वेळी सगळं नव्याने ओढायची गरज नसते. मागच्या वर्षांचे संच ऐतिहासिक साठ्यात जपलेले असतात. साधनाला त्या वर्षाच्या साठ्याचा पत्ता द्यायचा. विंडोजवर मिकटेक हा लाटेकचा दुसरा संच वापरणाऱ्याला हा शोधही करावा लागत नाही, कागद तयार करताना जे पॅकेज कमी पडेल ते तो स्वतः मागवतो. मात्र नेट बंद असताना नेमकं तेव्हाच तो अडतो, म्हणून प्रबंध लिहायला घेण्याआधी सगळी पॅकेजं एकदा वापरून घेतलेली बरी.

आणखी बारीक कापलं तर आणखी चांगलं, असा समज इथे होऊ शकतो. तो चुकीचा आहे. कमकुवत रेंजमध्ये विनंती जाऊन उत्तराचा पहिला बाइट यायला अर्धा सेकंद सहज लागतो. दोन हजार छोट्या फाइल्स एकामागून एक मागितल्या तर नुसत्या वाट पाहण्यात सोळा-सतरा मिनिटं जातात, एकही उपयोगी बाइट न येता. प्रत्येक वेळी नवी सुरक्षित जोडणी उघडली तर तिच्या हस्तांदोलनाच्या फेऱ्या वेगळ्याच. म्हणून डाउनलोडरने एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यावरून फाइल्स मागवाव्यात, आणि शंभर-दीडशे केबीपेक्षा लहान तुकडे, जे एकत्रच वापरले जातात, त्यांची मोट बांधावी. शिवाय तुकड्यांची यादी स्वतःच एक डाउनलोड असते. जेवढे तुकडे जास्त तेवढी यादी लांब, आणि ती तर प्रत्येक तपासणीला येते. डेबियनवर पॅकेजांच्या वर्णनांचे अनुवाद ॲप्ट या पॅकेजं आणणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये ‘लँग्वेजेस नन’ लिहून बंद केले तर यादीतले काही एमबी वाचतात.

तुकडे नीट पाडले आणि तरीही सगळंच खाली आलं, याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे शिफारशी. डेबियनमध्ये पॅकेज दोन प्रकारे दुसऱ्याला बोलावतं: ‘लागतंच’ आणि ‘असलं तर बरं’. ॲप्ट दुसऱ्या प्रकारची पॅकेजंही न विचारता घेतं. नोटो फॉन्टचं एकत्रित पॅकेज मागितलं की चिनी-जपानी-कोरियन फॉन्टही शिफारशीतून येऊ शकतो, आणि तो एकटाच पन्नास एमबीच्या आसपास. देवनागरीसाठी लोहितचं पॅकेज एक एमबीचंही नाही. ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय दिला की हे थांबतं. होय म्हणण्याआधी ॲप्ट किती एमबी आणायचे आहेत ती ओळ दाखवतं, ती वाचायची सवय ठेवा. आकडा अनपेक्षित वाटला तर ॲप्टिट्यूडच्या ‘व्हाय’ या आज्ञेने कोणतं पॅकेज कुणामुळे आलं याची साखळी दिसते.

पायथॉनवाल्यांच्या बाबतीत हा फरक फारच मोठा आहे. लिनक्सवर पिप या पायथॉनच्या पॅकेज-साधनाने मशीन लर्निंगचं पायटॉर्च जसंच्या तसं मागितलं तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या लायब्ररी धरून दोन जीबीच्या पुढे डेटा जातो. ज्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्डच नाही त्याला यातलं काहीही लागत नाही. पायटॉर्चच्या साठ्यात फक्त सीपीयूसाठीची वेगळी यादी आहे. पिपला तो पत्ता दिला की काम साधारण २०० एमबीत होतं. कॉलेजच्या सूचनापत्रात ही एक ओळ बदलली तर वर्गातल्या प्रत्येकाचा दिवसभराचा पॅक वाचेल. हा दोष मी मुलांना देणार नाही: जो पर्याय बहुतेकांना पुरतो तोच न मागता मिळायला हवा, आणि मोठा पर्याय मागून घ्यावा लागायला हवा.

अपडेटसाठी फक्त फरक पाठवण्याची कल्पना जुनी आहे. आरसिंक १९९६ मध्ये आलं, दोन बायनरी फाइल्समधला फरक काढणारं बीएसडिफ २००३ मध्ये. फायरफॉक्सचे छोटे अपडेट याच जातीच्या तंत्रावर चालतात. पण तयार फरक पाठवण्यात एक खोच आहे. तो ठरावीक जुन्या आवृत्तीवरूनच लागू होतो, आणि प्रकल्प सहसा अलीकडच्या एक-दोन आवृत्त्यांसाठीच तो बनवून ठेवतात. ज्याचं नेट हळू तोच महिनोन् महिने अपडेट टाळतो, म्हणजे ज्याला फरकाची सर्वात जास्त गरज त्याच्याकडच्या आवृत्तीसाठी तो बनवलेलाच नसतो. फेडोरा लिनक्सने आपले डेल्टा आरपीएम (फक्त फरकाची पॅकेजं) २०२४ मध्ये आवृत्ती ४० पासून बंद केले.

यापेक्षा झेडसिंकची पद्धत मला न्याय्य वाटते. सर्व्हरवर पूर्ण फाइल आणि तिच्या ठोकळ्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) असलेली एक छोटी फाइल एवढंच ठेवायचं. वापरणाऱ्याचा कॉम्प्युटर आपल्याकडच्या जुन्या फाइलमध्ये, ती कितीही जुनी असो, तेच ठोकळे शोधतो आणि फक्त नसलेले मागवतो. साधा वेब सर्व्हर पुरतो. अट एकच: फाइल दाबताना काळजी हवी. साध्या जीझिपमध्ये सुरुवातीचा एक बाइट बदलला तरी पुढचं सगळं बदलतं आणि जुळणारा ठोकळाच उरत नाही. जीझिपच्या काही बांधण्यांत आणि झेडएसटीडीमध्ये ‘आरसिंकेबल’ नावाचा पर्याय असतो, तो लावला की फाइल किंचित मोठी होते पण बदल आपल्या जागेपुरता राहतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी मात्र एक्सझेडने घट्ट दाबलेली प्रत सगळ्यात लहान पडते. दोन्ही ठेवायला सर्व्हरवर जागा थोडी जास्त लागेल, ती द्यावी.

तुकडा अर्ध्यावर तुटला तर काय, याचं उत्तर तुकडा पाडतानाच द्यावं लागतं. सर्व्हरने फाइलचा मधलाच भाग देण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे डब्ल्यूगेट, कर्ल, एरिया-टू हे डाउनलोडर सगळे जिथे तुटलं तिथून पुढे घेतात. दुवा कायमचा असावा. तासाभरात कालबाह्य होणारे दुवे दिले की बारा तासांचं डाउनलोड कधीच पुरं होत नाही. आणखी एक फसवा प्रकार: पहिला अर्धा भाग एका मिररवरून आला, रात्रीत फाइल त्याच नावाने बदलली, सकाळी दुसरा अर्धा नव्या फाइलचा जोडला गेला. आकार बरोबर, आतला माल बिघडलेला. म्हणून फाइलच्या नावात आवृत्ती असावी आणि एकदा टाकलेली फाइल कधी बदलू नये. मेटालिंक या डाउनलोडचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक भागाचा वेगळा हॅश (पडताळणीचा आकडा) देता येतो; मग एरिया-टू बिघडलेला भागच परत आणतं, सगळी फाइल नाही. प्रोग्रामच्या आतून प्लगइन उतरवत असाल तर आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरवा, हॅश तपासा, मगच नाव बदलून जागेवर ठेवा. गाभा नवा आणि प्लगइन जुना अशी अर्धवट अवस्था येऊच देऊ नका. ॲप्ट आधी सगळं खाली आणतं आणि नंतरच बसवायला घेतं, ते याचसाठी.

गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या क्लोनला, म्हणजे अख्खी प्रत उतरवण्याला, ही सोय नाही. नव्वद टक्क्यांवर तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. कोडमध्ये हातभार लावू पाहणाऱ्याला ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटची अवस्था घेता येते, किंवा ब्लॉबचा (फाइलमधल्या मजकुराचा) फिल्टर लावून जुन्या फाइल्स लागतील तेव्हा आणता येतात. प्रकल्पाने अधूनमधून गिट बंडल, म्हणजे अख्खा साठा एका फाइलमध्ये, बनवून साध्या फाइलसारखं ठेवलं तर ते तुटत-तुटत उतरवता येतं आणि त्यावरून क्लोन करून उरलेलं थोडंसं नेटवरून घेता येतं. लिनक्स कर्नलच्या साठ्यात असं बंडल मिळतं.

आणि पेन ड्राइव्ह. तालुक्याहून नागपूरला येणारी एसटी हे आपल्याकडचं सगळ्यात रुंद नेटवर्क आहे, मॉड्यूलरपणाचा विचार तिला धरून व्हायला हवा. दोन एमबीचा ‘ऑनलाइन इन्स्टॉलर’, जो चालवल्यावर उरलेलं नेटवरून ओढतो, तो पेन ड्राइव्हवर नेऊन काहीच उपयोग नाही. प्रत्येक तुकडा फाइल म्हणून स्वतंत्र उतरवता आला पाहिजे, आणि तो कशावर अवलंबून आहे हे प्रोग्रामने यादी करून फाइलमध्ये लिहून दिलं पाहिजे. ॲप्ट-ऑफलाइन नेमकं हेच करतं. गावातल्या मशीनवर ‘सेट’ चालवलं की काय काय लागेल याची एक छोटी फाइल बनते. ती शहरात आणून, विंडोज असलेल्या मशीनवरही, पायथॉनच्या मदतीने ‘गेट’ चालवायचं; सगळी पॅकेजं एका झिपमध्ये बांधून घेता येतात. परत जाऊन ‘इन्स्टॉल’. पिपसाठी ‘डाउनलोड’ ही आज्ञा चाकं (‘व्हील’, म्हणजे पायथॉनची तयार बांधलेली पॅकेजं) एका फोल्डरात जमा करते, आणि दुसरीकडे ‘नो-इंडेक्स’ देऊन त्याच फोल्डरातून बसवता येतं. दोन्ही ठिकाणची पायथॉनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम एक नसेल तर बरीच चाकं बसत नाहीत, हे निघण्याआधी बघा. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही, आणि टेक लाइव्हची आयएसओ तिथेच अडते. एक्सफॅट करून घ्या.

शाळेच्या लॅबमध्ये पंधरा-वीस मशीन असतील तर एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. ते ३१४२ या पोर्टवर ऐकतं. बाकीच्या प्रत्येक मशीनवर ॲप्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीची एक ओळ. पॅकेज एकदाच बाहेरून येतं, उरलेल्यांना लॅबमधूनच मिळतं. पॅकेजांचे पत्ते ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असतील तर मधल्या मशीनला ते वाचता येत नाहीत आणि साठवताही येत नाहीत. पत्ता साध्या एचटीटीपीचा ठेवला तरी पॅकेजांच्या यादीवरची सही ॲप्ट तपासतंच, त्यामुळे भेसळ चालत नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी प्रकाशनाआधी हे सगळं हळू नेटवर चालवून पाहावं. डब्ल्यूगेटला वेगाची मर्यादा ८ केबी देणं ही सर्वात सोपी चाचणी. त्यापुढे लिनक्सवर टीसी आणि नेटएम ही नेटवर्क मुद्दाम हळू करणारी साधनं वापरून ६४ केबीटचा वेग, ३०० मिलिसेकंदांचा उशीर आणि दोन टक्के पॅकेट गळती लावता येते. लक्षात ठेवायचं ते हे की नेटएम बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर लागतं. डाउनलोड हळू करायचं असेल तर मध्ये एक मशीन राउटर म्हणून ठेवून त्याच्या आतल्या बाजूच्या पोर्टवर ते लावा, किंवा आयएफबी हे आभासी पोर्ट वापरा. चाचणी चालू असताना तीनदा केबल काढा, एकदा मशीनच बंद करा, आणि शेवटी आलेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी ताडून पाहा.